डोंगराची माती नदीत कशी येते? सह्याद्री आणि कोकणातल्या गाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै 2021 ला वशिष्ठी नदीला पूर आला, त्यानंतर चिपळुणात जो तो गाळावर बोलायला लागला, त्यात मीही होतो. तेव्हापासून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं इथे टाकून ठेवतोय, दर आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडाला) परत टाईप करायला नको. नंबर दिलेत कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, एक ओढलं की दुसरं येतं.

1. गाळ म्हणजे नक्की काय? माती, वाळू, गोटे सगळं एकच का?

एकच नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. नदी दोन प्रकारे माल वाहते. बारीक माती पाण्यात तरंगत जाते, पावसाळ्यात पाणी चहासारखं दिसतं ते तिच्यामुळे. जाड वाळू, खडी, गोटे तळाशी लोळत, घरंगळत जातात, ते वरून दिसत नाहीत, पण मोठ्या पुरात नदीकाठी उभं राहिलात तर पाण्याखालून गडगड ऐकू येते ती त्यांचीच. बारीक माती एका पुरात डोंगरावरून खाडीत पोचू शकते. गोट्यांना तेच अंतर कापायला कित्येक पावसाळे लागतात, थोडं पुढे जायचं, वळणावर थांबायचं, परत पुढच्या पुरात थोडं. त्यामुळे चिपळुणात नदीपात्रात साचलेलं गोट्यांचं बेट आणि दाभोळच्या खाडीतला चिखल यांची गोष्ट वेगळी आहे, वाहिलं दोन्ही वशिष्ठीनेच असलं तरी.

2. डोंगर तर लाखो वर्षं झिजतोयच, मग माणसाला कशाला दोष देता?

झिजतोय हे खरंच आहे, नाहीतर कोकणातल्या मळ्यांत माती आली कुठून. प्रश्न वेगाचा आहे. यासाठी मला श्रीलंकेचं उदाहरण सगळ्यात आवडतं कारण तिथे दोन्ही वेग मोजलेत. आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे जमिनीच्या वरच्या थरातल्या गारगोटीच्या कणांत बेरिलियम-10 नावाचा पदार्थ अगदी किंचित किंचित साठत जातो. जमीन हळू झिजत असेल तर कण वरच्या थरात जास्त काळ राहतो आणि जास्त साठतं, पटापट झिजत असेल तर कमी. म्हणजे नदीतली मूठभर वाळू घेऊन, वरचा डोंगर गेल्या हजारो वर्षांत सरासरी किती वेगाने झिजला ते काढता येतं.

श्रीलंकेच्या मधल्या डोंगराळ भागात हा नैसर्गिक वेग निघाला दर चौरस किलोमीटरला वर्षाला 13 ते 30 टन. म्हणजे हजार वर्षांत जेमतेम 5 ते 11 मिलिमीटर, नखाएवढी झीज! आणि आजच्या नद्या त्याच डोंगरातून किती गाळ नेतात? 130 पासून 2100 टनांपर्यंत. इंग्रजांच्या काळात आधी कॉफीसाठी जंगल साफ झालं, 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडला, मग चहा आला, नंतर उतारांवर बटाटा, भाजीपाला. डोंगर तोच, पाऊसही साधारण तोच. वाढलेला हिशोब कोणाच्या नावावर टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

3. मग सह्याद्रीचा असा आकडा का सांगत नाही?

कारण आपला काळा कातळ आडवा येतो. ही पद्धत मुख्यतः गारगोटीच्या कणांवर चालते आणि आपला बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात गारगोटी जवळजवळ नसतेच, जी असते ती पोकळ्यांमधे नंतर भरलेली. दुसरं म्हणजे नदीत तरंगणारी माती बादलीभर पाणी घेऊन मोजता येते, तळाने लोळणारे गोटे मोजणं महाकठीण. म्हणून कोणी "सह्याद्रीची धूप इतक्या पट वाढली" असा एकच गोल आकडा फेकला तर आधी विचारा, कुठल्या नदीचा, कुठल्या वर्षांचा, आणि गोटे धरून की सोडून.

4. कोकणातच एवढा त्रास का? घाटावर पण पाऊस पडतोच की.

उतार बघा. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत साधारण 50 किलोमीटरवर. हजारेक मीटर उंचीवरून निघालेलं पाणी पहिल्या काही किलोमीटरमधेच सगळी उंची उतरतं आणि मग अचानक सपाटीला लागून रेंगाळतं. वर जोर, खाली सुस्ती, मधे जिथे वेग पडतो तिथे माल टाकून दिला जातो. चिपळूण, महाड, संगमेश्वर, राजापूर नकाशावर बघा, सगळी जुनी बाजारपेठेची गावं अशाच जागी आहेत, जिथपर्यंत भरतीला बोट यायची आणि जिथून घाट चढायला सुरुवात व्हायची. गावासाठी जागा छान होती. गाळासाठीही तीच जागा छान आहे, काय करणार.

आणि पाऊस नुसता जास्त नाही तर एकगठ्ठा पडतो. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी नोंदला गेला. पाणी दुप्पट झालं की गाळ दुप्पट होत नाही, त्याच्या कितीतरी जास्त वाढतो, त्यामुळे डोंगरी नदीचा वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या चार-सहा दिवसांत जातो. बाकीचे दिवस नदी उगाच शहाण्यासारखी दिसते.

5. एका पावसाळ्यात शेतातली माती नक्की किती जाते? डोळ्याला तर काहीच कळत नाही.

कळत नाही हीच गंमत आहे. एका गुंठ्यावरून फक्त 1 मिलिमीटर माती गेली तर वजन होतं सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या अडीच गोण्या. एकराला पाच टन. आणि 1 मिलिमीटर म्हणजे तीन-चार पोस्टकार्डं एकावर एक रचल्याइतकं, कोणाच्या लक्षात येणार? लक्षात कधी येतं तर काजूच्या मुळ्या उघड्या दिसायला लागतात तेव्हा, किंवा शेतातल्या एखाद्या दगडाखालची माती तेवढी उरते आणि दगड मातीच्या खुंटीवर बसल्यासारखा दिसतो तेव्हा. माझ्याच परसात पागोळीखाली दरवर्षी बारीक खडी वर येते. खडी वर येत नसते, तिच्याभोवतीची माती जात असते.

6. आमच्या वाडीच्या वर तोड होऊन सात वर्षं झाली, काहीच झालं नाही. म्हणजे धोका टळला ना?

उलट, आता लक्ष ठेवा. झाड तोडलं तरी मुळं लगेच मरत नाहीत, आणि मेली तरी काही वर्षं जमिनीत दोरखंडासारखी धरून असतात. ती कुजत जातात तशी पकड सुटत जाते. नवीन झाडोरा नीट रुजायच्या आधी आणि जुनी मुळं कुजल्यानंतर असा एक मधला काळ येतो, साधारण तोडीनंतर तीन वर्षांपासून दहा-पंधरा वर्षांपर्यंत, ज्यात उतार सगळ्यात ढिला असतो. त्यात एखादा वेडा पाऊस आला की दरड येते आणि सगळे म्हणतात, तोड तर केव्हाच झाली होती, आत्ताचं पावसाचं कारण आहे. दोन्ही कारणं आहेत. तोडीनंतर फुटवे राखले असतील, ऐन-किंजळाचे बुंधे परत फुटले असतील तर गोष्ट खूप बरी, कारण मूळ जिवंत राहतं. बुंधेसुद्धा जेसीबीने उपटून काढले असतील तर वेगळं सांगायला नको.

7. झाडं लावली की धूप थांबते, हे तरी नक्की ना?

कुठली झाडं आणि खाली काय, यावर आहे. जमिनीला वाचवतो तो पालापाचोळा, गवत, झुडपं, म्हणजे पायाखालचा थर. उंच झाडाच्या पानावर पाणी जमून जो थेंब पडतो तो साध्या पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असू शकतो, आणि आठ-नऊ मीटरवरून पडला की त्याला जवळजवळ पूर्ण वेग मिळतो. सागाचं पान तर सुपाएवढं, त्यावरून पडणारा थेंब म्हणजे खालच्या उघड्या मातीवर गोफणीचा खडाच. साग लावला आणि खाली वणव्याने पाचोळा जळला तर वरून हिरवंगार आणि खालून माती चाललीय असं होतं. जुलैत अशा सागाखाली जाऊन बुंध्याचा खालचा हातभर भाग बघा, लाल शिंतोड्यांनी रंगलेला असतो.

काजू, आंबा, दोडामार्गकडे रबर, यांचंही तेच. कलमं लावताना पोकलेनने उतार कापून पायऱ्या काढल्या, वर तणनाशक मारून जमीन स्वच्छ ठेवली, तर पहिली चार-पाच वर्षं माती बेसुमार जाते. बागायतदारांना हे ऐकायला आवडत नाही, मला माहितीय, माझे निम्मे नातेवाईक बागायतदार आहेत. पण मधल्या पट्ट्यात गवत ठेवून वरच्यावर कापलं तरी पुष्कळ फरक पडतो, कलमाचं काही बिघडत नाही.

8. आमचे आजोबा वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी-वरी करायचे, राब (पालापाचोळा, फांद्या) भाजायचे. मग गाळ त्यांनीच केला का?

थोडा केला, हे मान्य करू. उतारावरची नाचणी जूनमधे लहान असते, जमीन उघडी असते आणि पाऊस नेमका तेव्हाच झोडपतो. गाळाची तक्रारही आजची नाही. 1880 साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमधे शास्त्री नदी गाळाने भरत चालल्याचं लिहिलंय, संगमेश्वरच्या धक्क्याला पूर्वी मोठी गलबतं लागायची ती आता खालीच थांबतात असं. म्हणजे जेसीबीच्या शंभर वर्षं आधी! डोंगर उघडे पडत होतेच, लाकूड आणि कोळसा मुंबईला जात होता, आणि वरकसही होती.

पण आजोबांच्या पद्धतीत एक गोष्ट होती, विश्रांती. दोन-तीन वर्षं पीक आणि मग जमीन बरीच वर्षं पडीक, तेवढ्यात झाडोरा परत यायचा. शिवाय खाचरांचे बांध आणि जांभ्याचे गडगे (लाल जांभा दगडाच्या रचलेल्या भिंती) दरवर्षी आगोटीला सावरले जायचे. आता माणसं मुंबईला, गडगे ढासळलेले, आणि गडग्यामागे शंभर वर्षं अडून बसलेली माती एका भगदाडातून निघून जाते. शेती बंद पडल्यामुळे धूप वाढते हे विचित्र वाटतं ना, पण उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतात हे जगभर दिसतं.

9. सगळ्यात जास्त गाळ कशामुळे येतो, एकच कारण सांगा.

एकच सांगता येणार नाही, पण बोट ठेवायचंच असेल तर मी रस्त्यावर ठेवीन. डांबरी रस्त्यावर नाही, तो कापताना निघालेल्या मातीवर आणि कच्च्या रस्त्यांवर. थायलंडच्या उत्तरेकडच्या एका डोंगरी पाणलोटात अभ्यास झाला होता, तिथे कच्च्या रस्त्यांनी व्यापलेली जागा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण त्यांनी टाकलेला गाळ तिथल्या सगळ्या उतारावरच्या शेतीइतका. कारण सोपं आहे, रस्त्याची जमीन दाबून घट्ट झालेली, पाणी मुरत नाही, वाहत सुटतं, चाकोरीचा पऱ्या (ओढा) होतो आणि तो नेमका खऱ्या पऱ्यात नेऊन सोडलेला असतो.

आपल्याकडे चिपळूणजवळ परशुराम घाटात महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या वेळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, 2022 च्या उन्हाळ्यात तर घाट दिवसातले काही तास बंद ठेवून काम चालायचं. उभा डोंगर कापला की दोन प्रश्न येतात. वरचा कापलेला भाग कधी खाली येईल हा पहिला, तो सगळ्यांना दिसतो. कापून निघालेली हजारो डंपर माती गेली कुठे हा दुसरा, तो कोणी विचारत नाही. बरेचदा ती जवळच्या घळीत लोटलेली असते, कारण लांब नेली तर डिझेल जळतं. पुढच्या जूनमधे घळ रिकामी आणि नदी भरलेली. आमच्या घरामागच्या वाडीत पायवाटेचा रस्ता झाला तेव्हा अगदी असंच झालं, ठेकेदाराचं नाव घेत नाही, पण दोन वर्षं आमच्या पऱ्यातला कपडे धुवायचा डोह गायब होता. गुडघाभर लाल चिखल, त्यात म्हशी पण बसेनात.

10. चिरेखाणींमुळे पण का?

हो, पण जागेप्रमाणे. सडा म्हणजे जांभ्याचं पठार, स्वतः फारच हळू झिजतं. खाणीतला चिरा काही वाहत नाही, वाहतो तो वरचा काढून टाकलेला थर आणि चिरे कापताना पडणारा लाल भुगा. खाण सड्याच्या मधोमध असेल तर खड्डाच तळं होऊन भुगा धरून ठेवतो. सड्याच्या कडेला असेल आणि भुगा दरीत ढकलला असेल तर नंबर 9 वाचा, तीच गोष्ट.

11. वशिष्ठीतला गाळ काढला, मग आता पूर येणार नाही ना?

येऊ शकतो, पण कमी पाण्याचे पूर थोडे सुसह्य व्हावेत. 2021 च्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले आणि त्यानंतर गाळउपशाला जोर आला, लोकांनी रेटलं म्हणून झालं, त्याचं मोल मी कमी करत नाही. फक्त अपेक्षा काय ठेवायची ते कळलं पाहिजे. 22 जुलै 2021 ला पाऊस, भरती, वरून येणारं पाणी, अरुंद झालेलं पात्र असं सगळं एकत्र आलं होतं. पात्र खोल केल्याने यातली एकच गोष्ट बदलते. आणि भरतीच्या पट्ट्यात तर तळ कितीही खणा, समुद्राची पातळी काही खाली जात नाही.

दुसरं, काढलेला गाळ ठेवला कुठे. मी स्वतः काठावर उभं राहून बघितलंय, मे महिन्यात दोन माणूस उंचीचा ढीग, अगदी पात्राच्या कडेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तर ढिगाची नदीकडची बाजू सुरीने केक कापल्यासारखी सरळ. गेला कुठे ते सांगायला हवं का?

तिसरं, वरून येणारा माल थांबलेला नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खालची शेतं दगडगोट्यांनी भरली. असा माल एका वर्षात संपत नाही, तो टप्प्याटप्प्याने खाली येत राहतो (नंबर 1). त्यामुळे वर काहीही नवीन बिघडवलं नाही तरी काही वर्षं खाली गाळ येतच राहणार. गाळ काढणं हे दर काही वर्षांनी करायचं काम आहे, विहीर उपसतो तसं.

12. कोयनेचं पाणी वशिष्ठीत सोडतात त्यानेच गाळ येतो असं म्हणतात, खरं का?

पाण्याचा प्रश्न खरा, गाळाचा प्रश्न तसा नाही. पोफळीच्या वीजघरातून येणारं पाणी आधी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आणि नंतर कोळकेवाडी धरणात थांबून येतं, त्यात गाळ खाली बसलेला असतो, पाणी तुलनेने निवळच असतं. पण निवळ पाणी भुकेलं असतं, त्याला स्वतःचं ओझं नसतं म्हणून ते काठ आणि तळ जास्त खरवडू शकतं. आणि पुराच्या वेळी किती पाणी, केव्हा सोडायचं हा भांडणाचा विषय वेगळा, तो इथे उघडत नाही.

13. वाळू काढली की नदी आपोआप खोल होते. मग वाळूवाल्यांना का अडवता?

कारण ते गाळ साचला तिथून नाही, चांगली वाळू मिळते तिथून काढतात. हातपाटीवाला बुडी मारून टोपलीने काढतो, त्याला मर्यादा आहे. सक्शन पंप खड्डा पाडतो. त्या खड्ड्यात काठ ढासळतो, म्हणजे नवीन माती नदीत, पुलांचे पाय उघडे पडतात आणि खाडीत खारं पाणी आणखी आत सरकून विहिरी मचूळ होतात. 2016 च्या ऑगस्टमधे महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा वाळूउपशाची खूप चर्चा झाली, पण पूल ब्रिटिशकालीन होता आणि पाणीही प्रचंड होतं, त्यामुळे सगळं बिल वाळूवर फाडणार नाही.

14. गाळ एवढा वाढलाय तर समुद्राचे किनारे का खचतायत? काहीतरी चुकतंय ना?

चुकत नाही, दोन्ही एकदम होतंय. माणसाने डोंगर उघडे करून नद्यांमधला गाळ वाढवला आणि धरणं बांधून तो वाटेत अडवला. 2005 मधे सगळ्या जगाचा हिशोब मांडला गेला, त्यात नद्यांमधला गाळ वर्षाला 2.3 अब्ज टनांनी वाढला आणि समुद्रापर्यंत पोचणारा मात्र 1.4 अब्ज टनांनी घटला असं निघालं. आपली गोदावरी बघा. निघते त्र्यंबकेश्वरला सह्याद्रीतच, पण 1971 ते 1979 मधे त्रिभुज प्रदेशाला वर्षाला सरासरी 15 कोटी टन गाळ मिळत होता, तो 1990 ते 1998 मधे पावणेसहा कोटींच्या आत आला. तिकडे आंध्रात काकिनाडाजवळ उप्पाड्याची घरं समुद्र खातोय आणि इकडे धरणं गाळाने भरतायत. तोच गाळ परत शेतात न्यावा म्हणून 2017 पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आली. कल्पना चांगली, फक्त धरणातलं सगळंच शेतात टाकण्यासारखं नसतं, वाळू-मुरूम आला तर शेतकरी शिव्या घालतो.

15. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथली दरडींची संकटं माणसाने केलेली का?

सगळ्यांना एका माळेत ओवू नका. 30 जुलै 2014 ला माळीणमधे 151 माणसं गेली, तिथे उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं. 22 जुलै 2021 ला तळियेत 80 हून जास्त गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती तर ज्या उतारावरून आली तिथे मोठं बांधकाम वगैरे काही नव्हतं. सह्याद्रीच्या उभ्या कड्याखाली जुन्या दरडींच्या मालावर वसलेल्या वाड्या खूप आहेत, तिथे माणसाने काहीच केलं नाही तरी दरड येऊ शकते. 30 जुलै 2024 ला वायनाडला तेच दिसलं, दरड सुरू झाली वर डोंगरात, आणि माणसं वाहत चालियार नदीतून खाली निलांबूरपर्यंत गेली. दर वेळी "निसर्गाचा कोप" किंवा दर वेळी "माणसाचं पाप" म्हणून मोकळं होता येत नाही. जागा बघावी लागते.

एक मात्र सगळीकडे लागू, म्हणून इथे लिहितोच. धो धो पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी अचानक कमी झालं तर खूश होऊ नका, वर कुठेतरी दरडीने अडलंय, ते फुटून येणार. ताबडतोब उंच, बाजूच्या जागी जा.

16. मग आम्ही पण डोंगरावर सलग समतल चर खणू का? देशावर तर खूप फायदा झाला.

देशावर 500 मिमी पावसात जे चालतं ते 3500 मिमीत तसंच चालत नाही. चर पाणी अडवून मुरवतो, आणि उभ्या उतारावर, मऊ मातीच्या जाड थरात जास्त पाणी मुरवणं म्हणजे दरडीला आमंत्रण. कमी उताराच्या माळावर ठीक आहे. वाडीच्या वरच्या उभ्या उतारावर पाणी मुरवायचं नसतं, दगडी पाटाने बाजूला काढून सुरक्षित जागी सोडायचं असतं. तिथे वाळा (खोल मुळांचं गवत) लावा, गडगे सावरा, वणवा अडवा. वणव्याचं महत्त्व नंबर 7 मधे आलंच आहे.

17. आमच्या पऱ्यात गाळ नक्की कुठून येतो ते आम्हीच शोधू शकतो का?

शोधू शकता, आणि खर्च शून्य. पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्या घ्या. मोठा पाऊस चालू असताना (काठावर पाय घट्ट ठेवून, पुरात उतरायचं नाही) पऱ्याला जिथे जिथे दुसरा पऱ्या मिळतो तिथे दोन्हीचं पाणी वेगवेगळं भरा, संगमाच्या वरून. घरी आणून खिडकीत ओळीने ठेवा. वाळू लगेच खाली बसते, त्यावरची बारीक माती तासांनी, आणि चिकणमाती दोन-दोन दिवस लटकत राहते. लटकणाऱ्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकून बघा, तुरटी फिरवल्यासारखं पाणी निवळायला लागतं. खाडीत गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथेच चिखल का साचतो, ते बाटलीत दिसतं.

मग तळाचा थर बघा. आम्ही केलं तेव्हा एका बाटलीत बोटाच्या पेराएवढा लाल थर आणि शेजारच्या बाटलीत नुसती रेघ, आणि दोन्ही पऱ्यांमधे अंतर पाच मिनिटांचं. लाल बाटलीच्या पऱ्याने वर चालत गेलो तर नवीन कापलेला रस्ता निघाला. रेघवाल्याच्या वर देवराई. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा तेव्हाच मार्करने लिहा, आमच्या चार बाटल्यांवर लिहायचं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी कोणती कुठली यावर घरात भांडणं झाली.